ओलांडलेली मुलं

लहानपणी आमच्या घरी रात्री अंथरुणं पडली की धाकटा भाऊ हमखास वाटेत आडवा पसरलेला असायचा. पाणी प्यायला उठलं की पाय त्याच्यावरून जायचा आणि अंधारातून आजीचा आवाज यायचा, "ओलांडलंस ना त्याला? उलटी ये परत. वाढ खुंटते." मग झोपेतच उलट्या पावलांनी त्याला पुन्हा ओलांडायचं, की हिशेब फिटला. भाऊ पुढे पावणेसहा फूट झाला. श्रेय कुणाचं, याबद्दल आजीच्या मनात कधी शंका नव्हती.

पुढे कामानिमित्त मुलांच्या उंचीचे तक्ते वाचायची वेळ आली, तेव्हा ही समजूत वेगळ्याच अर्थानं आठवत राहिली. तिच्यात मूल बिचारं निजलेलं असतं. जे घडतं ते त्याच्यावरून जाणाऱ्याच्या पायानं घडतं. आणि उलट पावली परत यायची सोय तेव्हाच असते, जेव्हा घरात कुणीतरी जागं असतं.

या पुस्तकातले लेख वाढ खुंटलेल्या मुलांबद्दल आहेत. नेमकं सांगायचं तर ती मुलं कुठे जास्त, कुठे कमी आणि का, याबद्दल आहेत. प्रस्तावना लिहिणाऱ्यानं पुस्तकाची ओळख करून द्यावी आणि बाजूला व्हावं हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. पण इथे विषयाचीच ओळख करून दिली नाही तर आतले नकाशे नुसते रंगीत दिसतील. म्हणून थोडं लांबण लावते.

कुपोषण हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी एकाच चित्राला बांधून टाकला आहे. पावसाळा लागला की मेळघाटातून किंवा जव्हार-मोखाड्यातून बातमी येते, सोबत बरगड्या मोजता येतील अशा मुलाचा फोटो. ते मूल लुकडं असतं, म्हणजे उंचीच्या मानानं त्याचं वजन फारच कमी असतं. अंगणवाडीच्या भाषेत ते 'सॅम' किंवा 'मॅम', म्हणजे अतितीव्र किंवा मध्यम कुपोषित. आधीच्या पिढीतल्या सेविका 'तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं' म्हणायच्या. वेळेवर खाऊपिऊ घातलं, औषधपाणी केलं, तर असं मूल काही आठवड्यांत अंग धरतं. खुजेपणाचं तसं नाही. वयाच्या मानानं उंची कमी राहिलेलं मूल गोबऱ्या गालांचंही असू शकतं. हसतं, खेळतं, शेळ्यांमागे धावतं. तुम्ही त्याला तीन वर्षांचं धरून चालता आणि आई सांगते, पाच पुरी झाली. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. गावातली सगळीच मुलं तशी असली तर गावालाही त्यात वावगं दिसत नाही. "आमच्यात सगळे असेच," हे वाक्य मी सातपुड्यात ऐकलं आहे, मराठवाड्यात ऐकलं आहे आणि गोवंडीच्या एका गल्लीतही.

मोजमापाची रीत ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली वाढीचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत निरोगी, अंगावर पिणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांची मापं घेतली होती. त्या तक्त्याच्या मध्यरेषेपासून दोन प्रमाण विचलनांहून खाली गेलेलं मूल खुजं समजायचं. पाच वर्षांच्या मुलीची मध्यम उंची १०९ सेंटिमीटरच्या थोडी वर आहे. तिनं १०० गाठली नाही तर ती रेघेखाली गेली. दोन वर्षांच्या मुलीसाठी ही रेघ ८० सेंटिमीटरच्या आसपास येते.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर निजवून त्याची लांबी घ्यावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एक जण डोकं वरच्या टोकाला टेकवून धरतो, दुसरा गुडघे हलकेच दाबून सरकती पट्टी तळव्यांना भिडवतो, आणि मूल जिवाच्या आकांतानं रडत असतं. दोन वर्षांवरच्याला उभं करायचं; एकाच मुलाची निजून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा जवळजवळ पाऊण सेंटिमीटर जास्त भरते, त्याचा हिशेब ठेवायचा. मुलीच्या डोक्यावर हौसेनं बांधलेला बो सोडायला आई नाखूश असते. या सगळ्याहून अवघड म्हणजे वय. ते महिन्यांत लागतं. पाड्यावर विचारलं तर उत्तर येतं, "होळीच्या मागंपुढं." मग चांगला मोजणीदार सण, लावणी, कापणी, निवडणूक, पूर यांचं टिपण काढून बसतो आणि महिना हुडकतो. दीड वर्षाचं मूल महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असतं. वय दोन महिन्यांनी चुकलं, तर उंची अचूक घेऊनही मूल रेघेच्या या बाजूचं त्या बाजूला जातं. टक्केवारीच्या दशांशावर भांडणाऱ्या मंडळींना एकदा तरी या फळीशेजारी बसवावं, अशी माझी जुनी इच्छा आहे.

तरीही मोजण्या होतात आणि ढोबळमानानं त्यांच्यावर विसंबता येतं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ४८ टक्के मुलं खुजी निघाली. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३८.४ वर आणि २०१९-२१ मध्ये ३५.५ वर आलं. महाराष्ट्राचे याच तीन फेऱ्यांतले आकडे ४६.३, ३४.४ आणि ३५.२ आहेत. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचावेत. कोविडवर ढकलायचीही सोय नाही, कारण या राज्यातलं काम जून २०१९ मध्ये सुरू होऊन वर्षअखेर संपलं होतं. त्याच फेरीत छत्तीसगड ३४.६ वर होता, ओडिशा ३१ वर आणि मध्य प्रदेश ३५.७ वर. ज्या शेजाऱ्यांकडे आपण वर्षानुवर्षं जरा वरून पाहत आलो, त्यांच्यातला छत्तीसगड आपल्या पुढे गेला आहे आणि मध्य प्रदेश बरोबरीला आला आहे.

देशाचा नकाशा आणखी चक्रावून टाकतो. सगळ्यात वर मेघालय, ४६.५ टक्के, तिथला समाज मासमच्छी खाणारा आहे, वंश आईकडून चालवणारा आहे, म्हणजे आपल्या दोन आवडत्या स्पष्टीकरणांना तिथे जागाच उरत नाही. बिहार ४२.९. कारखानदारीचा डंका पिटणारा गुजरात ३९. खाली केरळ २३.४ आणि गोवा २५.८, पण हे दोघेही पाच वर्षांत वर चढलेले, केरळ १९.७ वरून आणि गोवा २०.१ वरून. सर्वेक्षण दोन टप्प्यांत झालं आणि पहिल्या टप्प्यातली अनेक राज्यं थबकलेली किंवा घसरलेली दिसतात, दुसऱ्या टप्प्यातली बरीचशी सुधारलेली. हा योगायोग मला पूर्ण पचलेला नाही. आकड्यांचं काम करणाऱ्यानं असं काही घशात अडकू द्यावं, गिळून टाकू नये.

इथे एक जुना वाद काढावा लागतो, आणि तो पुण्यातला असल्यामुळे मराठी वाचकाला तो परका वाटू नये. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी रोममध्ये जवळजवळ दोन दशकं काम केलं आणि मग ते पुण्यात आले. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा उष्मांकांवर उभी केली होती. सुखात्म्यांचं म्हणणं असं की शरीर म्हणजे ठरावीक कोळसा मागणारं इंजिन नव्हे. एकाच माणसाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते, कमी खाण्याशी शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. तेव्हा सरासरी उष्मांकाच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी ठरवू नका. दांडेकरांनी त्याला जाहीर उत्तर दिलं. दोघांचं बिऱ्हाड पुण्यात, दोघांच्या संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि वाद चालला होता देशातले भुकेले किती, यावर.

सुखात्म्यांच्या युक्तिवादाला धरून डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढची उडी मारली. बुटकं मूल हे लहान असलं तरी निरोगीच असतं, असं तो म्हणाला. आपल्याकडच्या 'मूर्ती लहान पण कीर्ती महान'चीच ही शास्त्रीय आवृत्ती. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. हा निरोगी बुटकेपणा फक्त गरिबांच्याच वाट्याला का येतो, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. पण सुखात्म्यांना नुसतं खलनायक करणं अन्यायाचं होईल. स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ते सतत सांगत राहिले. आणि आतड्यांच्या दुखण्यांवरचं आजचं संशोधन त्यांच्या बरंच जवळ येतं.

हा वाद मेला नाही, फक्त कपडे बदलून येतो. २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी विचारलं, भारतातली मुलं आफ्रिकेतल्या कितीतरी गरीब देशांतल्या मुलांपेक्षा बुटकी कशी, हा मापाचाच दोष तर नव्हे? प्रश्न गैर नव्हता. त्यावर एक उत्तर तक्त्याच्या पोटातच आहे. त्या सहा देशांतल्या मुलांच्या लांबीत जो फरक आढळला, त्यातला देशादेशांमधल्या भेदामुळे आलेला वाटा अवघा ३ टक्के होता. ७० टक्के फरक एकाच ठिकाणच्या दोन मुलांमधला होता. दिल्लीच्या सुखवस्तू घरांतली मुलं ऑस्लोच्या मुलांसारखीच वाढली.

मला दुसरं उत्तर अधिक पटतं आणि या पुस्तकाचं मी त्यासाठीच स्वागत करते. समजा, माप परदेशी आहे, आपल्याला ढगळ होतं. घ्या दोन सेंटिमीटर खाली. देशाचा आकडा एका रात्रीत सुधारेल. पण २०१५-१६ मध्ये केरळच्या एर्नाकुलममध्ये १२.४ टक्के मुलं खुजी होती आणि उत्तर प्रदेशच्या बहराइचमध्ये ६५.१ टक्के, ही दरी काही त्यानं बुजणार नाही. राष्ट्रीय सरासरीशी वाद घालता येतो. एकाच देशातल्या, एकाच मापानं, एकाच वर्षी मोजलेल्या दोन जिल्ह्यांमधल्या फरकाशी वाद घालायला जागा फार थोडी उरते.

मग तो फरक कशाचा बनलेला आहे? पूर्णिमा मेनन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमका हाच हिशेब मांडला. त्यांनी देशाच्या ६४० जिल्ह्यांतून खुजेपणा ४० टक्क्यांवर असलेले २३९ जिल्हे एका बाजूला घेतले आणि २० टक्क्यांखालचे मोजके जिल्हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांमधल्या फरकाची फोड केली तेव्हा सगळ्यात मोठा वाटा, १९ टक्के, बायकांच्या हडकुळेपणाचा निघाला. त्यानंतर बायकांचं शिक्षण, १२ टक्के. मुलांचं पुरेसं खाणं ९, लग्नाचं वय ७, उघड्यावर शौच ७, घरातली चीजवस्तू ७, गरोदरपणातली तपासणी ६. यादी पुन्हा वाचली की ध्यानात येतं: मुलाच्या तोंडात घास जाण्याच्या कितीतरी आधी निकालाचा मोठा भाग लागून गेलेला असतो. दोन जिल्ह्यांतल्या मुलांच्या उंचीत जो फरक दिसतो, तो पुष्कळसा त्या जिल्ह्यांतल्या आयांच्या आयुष्यांमधला फरक असतो.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासानं हेच दुसऱ्या टोकाकडून दाखवलं. केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना गरोदर राहण्याआधीपासून गाठलं. या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर होती आणि वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. गंमत पुढे आहे. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्यामानानं राखलेली. लुकडं आणि तरी चरबीदार असं हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकतं, म्हणून तो अभ्यास जगभर गाजला. मला त्यातलं एक साधंसं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. आईनं किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध सापडला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं, याचा सापडला. शिवाय जिचं शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम जास्त, तिचं बाळ लहान. ताटात काय आहे याबरोबर हंडा कुणाच्या डोक्यावर आहे, हेही मोजावं लागतं.

जन्मल्यावर पहिले सहा महिने आईचं दूध बरंच सांभाळून नेतं. घसरण लागते ती त्यानंतर. आपल्याकडे सहाव्या महिन्यात उष्टावण करतात, मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट चाटवतात. सोहळा छान होतो. पण दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या वाटीत काय पडतं? डाळीच्या नावाखाली डाळीवरचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्किट. महाराष्ट्रात सहा महिने ते दोन वर्षं या वयाच्या दहा मुलांत जेमतेम एकाला पुरेसा आणि चौरस आहार मिळतो, असं २०१९ ची पाहणी सांगते. ही कमतरता फक्त गरिबांच्या घरातली नव्हे. शेजारच्या दुकानात पाच रुपयांचं खारट-तिखट पाकीट लटकलेलं असतं आणि ते रडणं थांबवतं, हे शहरातल्या आयांनाही ठाऊक आहे. त्यात मूल रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, हगवण, ताप, पुन्हा हगवण. दीड-दोन वर्षांपर्यंत उंची जी मागे पडते ती पुढे फारशी भरून निघत नाही. गरोदरपणाचे २७० आणि त्यानंतरचे ७३० मिळून हजार दिवस म्हणतात ते याचसाठी.

संडास बांधले की उंची वाढेल, असा एक काळ मोठा भरवसा होता. उघड्यावरचं शौच आणि खुजेपणा यांचे नकाशे खरोखरच एकमेकांवर बसतात. मग बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत पद्धतशीर प्रयोग झाले. नुसते संडास, पाणी आणि हात धुणं यांनी उंचीत फरक पडला नाही. याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी असा काढणारे उतावळे. नकाशात शेजारी दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक बदलली की दुसरी आपोआप बदलत नाही, एवढाच बोध.

आता आपल्या घराकडे येते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही फेऱ्यांत इथली निम्म्याच्या जवळपास मुलं खुजी निघाली. धडगाव आणि अक्कलकुव्याचा डोंगराळ भाग, नर्मदेचं फुगलेलं पाणी, त्या पाण्यावर चालणारा तरंगता दवाखाना, आणि बाळंतिणीला रस्त्याला आणायला बांबूची झोळी, जिला लोकच आता 'बांबूलन्स' म्हणतात. हे सारं अनेकांनी लिहिलं आहे, पुढेही आलं आहे. मला भर घालायची आहे ती एवढीच, की 'दुर्गम' हा सरकारी शब्द दिशाभूल करतो. पाडा दवाखान्यापासून जितका दूर, तितकाच दवाखाना पाड्यापासून दूर असतो. पण दुर्गम म्हणतात ते फक्त पाड्याला.

आणि आदिवासी भाग म्हणजेच कुपोषण, या समीकरणानं आपल्या नजरेला एक झापड लावली आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस गरम जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे आणि चांगली आहे. ती १६ जिल्ह्यांतल्या आदिवासी क्षेत्रापुरती आहे. बीड त्यात येत नाही. बीड, परभणी, जालना इथला ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतो तो उन्हाळ्याच्या तोंडी परततो. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. अर्धा कोयता कामाला येत नाही. म्हणून मुलींची लग्नं लवकर. राज्यात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड-परभणीत हे प्रमाण जवळपास दुप्पट. आता पंचांग घेऊन बसा. आषाढात जन्मलेलं मूल पौषात सहा महिन्यांचं होतं. म्हणजे ज्या महिन्यात त्याला वरचं खाणं सुरू व्हायला हवं, त्या महिन्यात ते कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, पाच-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. आई पहाटे फडात गेलेली. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचं नाव आहे, घरी न्यायच्या शिध्याचं, टीएचआरचं, पाकीट गावी आलं आहे. तळावरच्या अंगणवाडीच्या पटावर नाव नाही. दोन पटांच्या मधल्या फटीत त्याचे हजार दिवसांतले दीड-दोनशे सरतात.

हे मूल कुठल्या जिल्ह्याचं धरायचं? बीडचं, की जिथे त्याची वाढ थांबली त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्याचं? नकाशा ते बीडच्या खात्यावर टाकतो. प्रादेशिक विषमतेच्या चर्चेत हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. या संग्रहातल्या एका लेखात तो थोडा चाचरत का होईना विचारला आहे, याचा आनंद वाटला.

एकदा आपल्याला उलट पावली यायला जमलंही होतं. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. सुरुवातीला ठाणे, नाशिक, नंदुरबार, अमरावती आणि गडचिरोली हे आदिवासी पट्टे असलेले पाच जिल्हे आणि मग सगळं राज्य. अंगणवाडीतल्या रिकाम्या जागा भरणं, वजनं खरी लिहायला सेविकेला धीर देणं, हजार दिवसांवर बोट ठेवणं, अशी कामं. २०१२ मध्ये राज्यानं स्वतःची पोषण पाहणी करून घेतली, तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून २३ वर आलेला दिसला. इतक्या कमी वेळात एवढी घट म्हणून बाहेरचे लोक अभ्यासाला आले. मिशनचं श्रेय किती आणि त्या काळातल्या बाकीच्या बदलांचं किती, यावर मतं आहेत. मला वाटतं, सेविकेनं खरा आकडा लिहिला तर तिला नोटीस येणार नाही, एवढी एक गोष्ट जरी त्या वर्षांत झाली असेल तरी ती मोठी होती. पुढे देशभर पोषण अभियान आलं, २०२२ पर्यंत खुजेपणा २५ टक्क्यांवर आणायचं ठरलं, मोबाइलमध्ये ॲप आलं. सेविकांच्या बोलण्यात आता मुलांपेक्षा नेटवर्क जास्त येतं.

पुढचे नकाशे पाहताना दोन गोष्टी मनाशी असू द्याव्यात. सर्वेक्षणात एका जिल्ह्यातून सरासरी नऊशे घरं निवडली जातात आणि त्यांत पाच वर्षांखालची मुलं त्याहून बरीच कमी असतात. तेव्हा एखादा जिल्हा दोन टक्क्यांनी वर किंवा खाली गेला म्हणून पालकमंत्र्यांनी पेढे वाटू नयेत आणि विरोधकांनी मोर्चा काढू नये. दुसरी गोष्ट डोक्यांची. २०११ मध्ये नंदुरबारची लोकसंख्या साडेसोळा लाख होती आणि पुणे जिल्ह्याची ९४ लाख. पुण्यातलं प्रमाण नंदुरबारच्या निम्मं धरलं, तरी खुजी मुलं पुण्यातच जास्त भरतील, जवळजवळ तिप्पट. गडद रंग जिथे आहे तिथेच सगळी मुलं नाहीत.

एका वाटणीचा माग नकाशाला लागतच नाही, ती घराच्या आतली. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा बुटकं नसतं; अंतर दुसऱ्यापासून पडायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक बाळागणिक वाढतं. मुलगा हवा म्हणून वाढत गेलेल्या घरात धाकट्या मुलींच्या वाट्याला काय उरतं, ते सांगायला सर्वेक्षण कशाला हवं? पण आकडा असला की बोलता येतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी अंगणवाडीत बसले होते. मोजणीचा दिवस होता. फळीवरची मुलं झाली, उभी मुलं झाली, गलका थोडा ओसरला. एका आईनं आपली तीन वर्षांची मुलगी उंचीपट्टीवरून उतरवून घेतली आणि हसत हसत स्वतःच पट्टीला पाठ टेकून उभी राहिली. विशीची असेल, कडेला आणखी एक तान्हं. "ताई, माझी बी बघ," ती म्हणाली. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सेविकेनंही हसतच पट्टी तिच्या डोक्यावर टेकवली आणि आकडा वाचला, एकशे त्रेचाळीस. मग सवयीनं वहीकडे वळली, पेन उघडलं, आणि पान चाळत राहिली. त्या वहीत आईच्या उंचीला रकाना नव्हता. तिनं तो आकडा मुलीच्या नावापुढे, समासात, बारीक अक्षरात लिहून ठेवला.